पाणी कुठवर आलं?

सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडणाऱ्याचा जीव सेकंदासेकंदाला अडकलेला असतो. इंदिरानगरहून नाशिकरोड गाठायचं, द्वारका चौक मोकळा सापडेलच असं नाही, आणि इकडे माझा लॅपटॉप तोंड काळं करून बसलेला.

हायबरनेटवर टिचकी मारली की दोन सेकंदांत पडदा काळा. झोपला म्हणावं, तर आत डिस्क घरघरतेय आणि कडेला मोहरीएवढा दिवा लुकलुकतोय. एकदा घाईत तसाच सॅकमध्ये कोंबला होता. कल्याणला काढला तर त्यावर पापड भाजून झाला असता. शेजारचा डबा तेवढा गरम राहिला.

मग नुसता स्लीप का करत नाहीस? स्लीपमध्ये रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला, सतत वीज लागते आणि माझी बॅटरी जेमतेम इगतपुरीपर्यंत तग धरते. तिने राम म्हटला की रॅमचाही राम. हायबरनेटमध्ये रॅममधला ऐवज डिस्कवर उतरवून ठेवतात, मग वीज गेली तरी चालतं. पण माझे पन्नास टॅब म्हणजे सहा जीबी, आणि ही जुनी फिरती डिस्क सेकंदाला शंभर एमबी लिहिणार. झालं की एक मिनिट!

मिनिटाचं काही नाही हो. त्यातलं किती सरलं, ते कळत नाही. परवा दिवा विझल्यासारखा वाटला, म्हणून खात्री करायला बटण दाबलं. तो तेव्हाच खरा झोपला होता. लगेच उठला आणि उतरवलेलं सगळं पुन्हा वर चढवत बसला. मग त्याला नव्याने झोपवा.

"कुकरसुद्धा शिट्टी देतो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

विंडोज एक्सपी बिचारं हायबरनेट होताना सरकती पट्टी दाखवायचं. माझ्याकडे लिनक्स. भाचा म्हणतो, "मामा, आधी सगळे प्रोग्राम जागच्या जागी गोठवतात. पट्टी रंगवणाराही त्यातच गोठला, तर रंगवणार कोण?" म्हणजे मंगल कार्यालयात पंगतीला किती पानं उरली हे सांगणारा वाढपीच जेवायला बसलेला.

आमच्या गावाला हे कोडं कधीच पडलं नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक ते पेपरवाले छापोत, नाशिककर विचारतो एवढंच : गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं? पाय, गुडघे, कंबर, छाती. गोदाकाठी उभं राहून कुणीही वाचावी अशी सरकती पट्टी, आणि ती पुरातही गोठत नाही.

काल पहाटेपासून धो धो. मी बूट घालून, सॅक उघडी धरून दिव्याकडे डोळे लावून उभा. बाबा पंचवटीतल्या मित्राशी फोनवर बोलत बाहेर आले.

"गुडघ्याच्या वर गेलं म्हणे पाणी," ते म्हणाले. मग माझ्या काळ्या पडद्याकडे वाकून बघत, "तुझं कुठवर आलंय?"