६३-३ चा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांनो

मॅच संपून दोन मिनिटं झाली नसतील, तोवर अटलांटातल्या आमच्या धाकट्या मामेभावानं फॅमिली ग्रुपवर स्कोअर टाकला. जॉर्जिया ६३, फ्लोरिडा स्टेट ३. खाली हसून लोळणारे इमोजी आणि "म्हणजे समितीचं बरोबरच होतं की!" कोल्हापुरातून मामींनी त्यावर अंगठा दिलाय. मामींना वाटतंय लेकरानं काहीतरी जिंकलंय.

तो जॉर्जियाचा, मी फ्लोरिडा स्टेटचा. आणि समिती म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या स्पर्धेसाठी चार संघ निवडणारी; तिनं आम्हाला घेतलं नाही. ग्रुपवर भांडण नको, म्हणून इथं लिहितोय.

गाववाल्यांनो, हा शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे. हा बॉल काखेत मारून पळायचा, अमेरिकेतला, कॉलेजच्या पोरांचा. पण तालमीच्या संघासाठी ज्याचा घसा बसलाय त्याला पुढचं सगळं कळेल.

टॅलाहासीत, म्हणजे आमच्या संघाच्या गावातल्या स्टेडियममध्ये, माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा बसतात. ९३, ९९ आणि २०१३, तिन्ही विजेतेपदं पाहिलेला माणूस. प्रत्येक मॅचला उकडलेल्या शेंगांची पिशवी आणतात आणि न विचारता माझ्या हातावर मूठभर ठेवतात. आमच्याकडे पण अशाच मीठ घालून उकडतात म्हटलं, तर हसले. शेंगा उकडायचा शोध अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लोकांनीच लावला, असं त्यांचं ठाम मत. हा खेळ मला त्यांनीच शिकवला, शेंगा सोलत सोलत.

यंदा, म्हणजे २०२३ च्या हंगामात, सुरुवातच अशी की लुइझियाना स्टेटला ४५-२४. मग क्लेमसनच्या घरात जाऊन जादा वेळेत ३१-२४. तिथं आम्ही २०१३ नंतर जिंकलोच नव्हतो. पोरं जिंकतच गेली.

१८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. आमचा क्वार्टरबॅक, सगळा खेळ ज्याच्या हातातून सुरू होतो तो. अख्खं स्टेडियम चिडीचूप. अख्खा संघ त्याच्याभोवती गोळा झाला. मी बाजूला बघितलं, तर आजोबांनी शेंगांची पिशवी बंद करून पायाशी ठेवली होती. मॅच ५८-१३ अशी जिंकली, पण पिशवी परत उघडली नाही.

पुढच्या मॅचला दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या डोक्याला मार लागला. लुइव्हिलविरुद्ध आमच्या परिषदेच्या (म्हणजे संघांच्या गटाच्या) फायनलला तिसरा, पहिल्या वर्षाचा पोरगा उभा केला. तरी १६-६ जिंकलो, बचावाच्या जिवावर. १३ पैकी १३! आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १३ जणांच्या त्या समितीनं विजेतेपदासाठी खेळणारे चार संघ जाहीर केले: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. आम्ही पाचवे. अलाबामा टेक्ससकडून स्वतःच्या मैदानात हरलेला संघ! मोठ्या पाच परिषदांपैकी एकीचा अपराजित विजेता या चौघांच्या स्पर्धेबाहेर राहिला, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. कारण काय, तर ट्रॅव्हिस नाही म्हणून हा आता तोच संघ राहिला नाही. म्हणजे मैदानात काय झालं ते सोडा, पुढं काय होईल असं आम्हाला वाटतं ते बघा. मग खेळवता कशाला? पत्रिका जुळवा ना! ट्रॅव्हिसनं तर लिहिलं की माझा पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, हा संघ माझ्या एकट्यावर नाही हे तरी दिसलं असतं. हे वाचून ज्याला काही वाटलं नाही, त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

हो, महत्त्वाचा खेळाडू नसेल तर ते विचारात घ्यायचं असं त्यांच्या नियमात आहे. आणि अलाबामानं सलग २९ मॅच जिंकलेल्या जॉर्जियाला हरवलं, तेही मान्य. झालं?

आता आजचं, म्हणजे त्या चौघांत न घेतलेल्या दोन संघांच्या मॅचचं. बाळा, तू ज्यांना ६३-३ हरवलंस म्हणतोस, तो १३ मॅच जिंकलेला संघ नव्हताच. आमचे मोठे खेळाडूच नव्हते: कोलमन नाही, बेन्सन नाही, व्हर्स नाही, दुसरा क्वार्टरबॅकही संघ सोडून चाललेला. वीसहून जास्त पोरं आज मैदानात नव्हती. दार तोंडावर आपटल्यावर ओट्यावरच्या जेवणाला कोण थांबतं? जी थांबली ती बहुतेक पोरसवदा होती, आणि त्यांनी साठ गुणांचा मार खाल्ला.

(डावललेलं जॉर्जियालाही होतं आणि त्यांची बरीचशी पोरं तरी खेळली, हे मला माहीत आहे. टोचतं म्हणूनच शेवटी लिहिलं.)

एवढं टाईप करेपर्यंत राग जरा उतरलाय. मामेभाऊ वाईट नाही. लहानपणी कॅरममध्ये हरला की माझ्याच मांडीवर रडायचा.

आत्ताच आजोबांचा मेसेज आला. मला वाटलं स्कोअरबद्दल काही असेल. अवाक्षर नाही. विचारलंय, त्या तुमच्या गावाकडच्या शेंगांत मीठ किती घालता?