एवढं मोठं झाड, त्याला काय होतंय!

आज सकाळी पुण्यातल्या बंडगार्डन बागेत एक माणूस शिडी लावून वडाच्या खोडात खिळे ठोकत होता. चांगले बोटभर लांब. कसल्याशा क्लासची पाटी लावायची होती. म्हटलं, "अहो, काय करताय हे?" वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "काकू, एवढं मोठं झाड, त्याला काय होतंय!"

काय होतंय? त्याच्या नाकासमोर चीक ओघळत होता! सालीखाली लगेच झाडाचा जिवंत थर असतो, त्यातच घुसवला होता खिळा. शिडी एका फांदीला टेकवलेली, पारंब्या बाजूला सारून दोरीने बांधलेल्या. आणि माझ्या मागे चालणारे चौघे जण? बघून पुढे निघून गेले. मला त्या माणसाइतकाच त्यांचाही राग आलाय.

१९७५ चा झाडांचा कायदा आहे आपल्याकडे. त्यात 'झाड तोडणे' या शब्दांत झाडाला कुठलीही इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय. मी हे सगळं त्याला सांगितलं. तो पुढचा खिळा दातांत धरून ऐकत होता.

मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी पुण्याला पाणी मिळावं म्हणून बागेशेजारच्या नदीवरच्या बंधाऱ्याला, म्हणजे 'बंड'ला, पैसे दिले. बागेचं नाव त्या बंधाऱ्यावरून पडलं, पुढे ती महात्मा गांधी उद्यान झाली. शेजारचा फिट्झगेराल्ड पूल १८६७ चा. दगडी कमानी अजून उभ्या आहेत, आणि त्याच पुलावरून लोक निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट मुळामुठेत फेकतात! पिशवी सोडवून फेकायचेही कष्ट नकोत. बागेत स्पीकर लावून चालणारे वेगळेच. सकाळी सहाला पक्षी ऐकायला यायचं आणि कुणाची तरी गाणी ऐकत परत जायचं. पाचोळा पेटवणाऱ्यांबद्दल बोलायला लागले तर आज माझा स्वयंपाक व्हायचा नाही.

पाटी मी उतरवायला लावली. ओरडले, अगदी मोठ्याने ओरडले, तेव्हा कुठे रखवालदार आला. तीन खिळे निघाले. चौथ्याचं डोकं पकडीत तुटलं, तो आतच राहिला. झाडाला आता तो गिळूनच वाढावं लागणार.

उद्या पक्कड घेऊन जाणार आहे. बाकीच्या झाडांवरही पाट्या आहेत.