शेवटच्या डब्यातला प्रवासी

वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्याकडे संकटे उशिरा पोहोचतात, हा शाळेने मला दिलेला एकमेव उपयुक्त धडा असून पुढे सभा, बैठका आणि व्याख्याने अशा सर्व ठिकाणी मी तो निष्ठेने पाळत आलो आहे. त्यामुळे भाच्याच्या हट्टापायी रोलर कोस्टरमध्ये बसण्याची वेळ आली, तेव्हा मी विचारपूर्वक शेवटचा डबा निवडला. भाचा धावत जाऊन पहिल्या डब्यात बसला. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी आल्या. त्यांनी शांतपणे कवळी काढली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली. मी तेव्हाच उतरायला हवे होते.

मांडीवरचा दांडा खाली आला. तो मी निदान दहा वेळा हलवून पाहिला. आजींनी एकदाही नाही. गाडी चढणीला लागली आणि खालून ‘टक, टक, टक’ असा आवाज येऊ लागला, तेव्हा काहीतरी तुटत चालले आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. तो आवाज म्हणजे ओढणारी साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून डब्याखाली बसवलेला खटका दात्यांवरून सरकल्याचा असतो, हे मी नंतर वाचले. त्या क्षणी कोणी हे समजावले असते तरी ‘साखळी तुटलीच तर’ एवढेच माझ्या कानात शिरले असते.

नंतरच्या वाचनातून आणखीही बरेच कळले. 1884 साली अमेरिकेतल्या कोनी आयलंडवर असली पहिली गाजलेली गाडी सुरू झाली, तेव्हा तिचा वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर होता. एवढ्या वेगाने तर मी सुटलेल्या बसमागे धावतो! म्हणजे माझा जन्म शतकभर उशिरा झाला, एवढाच काय तो घोटाळा.

खरा घोटाळा मात्र डब्याच्या निवडीत होता. या गाडीला इंजिन नसते. साखळीने माथ्यावर सोडले की पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. पहिला डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडीचा बहुतेक भार मागे चढावरच असल्याने तो उताराच्या तोंडाशी रेंगाळतो, आजूबाजूचा देखावा पाहतो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत मात्र पुढचे सगळे डबे उतारावरून सुसाट सुटलेले असतात आणि ते त्याला चाबकाच्या टोकासारखे खेचून नेतात. आम्ही असे खेचले गेलो तेव्हा माझी बैठक आसनापासून चार बोटे वर होती आणि पोट त्याहूनही वर कुठेतरी राहून गेले होते. गाडी उडू नये म्हणून रुळाच्या खालच्या बाजूनेही चाके लावलेली असतात. तशी सोय मला नव्हती, म्हणून मी आजींचे मनगट धरले. आजी दोन्ही हात वर करून आनंदाने ओरडत होत्या, त्यामुळे माझाही एक हात वर गेला आणि दुरून पाहणाऱ्यांना मी मोठा धाडसी वाटलो असेन.

गाडी थांबली. भाच्याचा भांगसुद्धा विस्कटला नव्हता. आजींनी मनगटावर उमटलेली माझी चार बोटे पाहिली, कवळी बसवली आणि मायेने म्हणाल्या, “अहो, मागे बसायला सराव लागतो. तुम्ही आधी पुढे बसून बघा.”