लॅपटॉपच्या भावात अठ्ठावीस कोअर? जरा मीटरकडेही बघा

“लॅपटॉपच्या पैशात दोन झिऑन, अठ्ठावीस कोअर, १२८ जीबी रॅम! कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला सर्व्हर घ्या, घरी लावा, क्लाउडचं बिल कायमचं बंद. डेटा सेंटरचा माल आहे, मरत नाही. वीज फ्रिजइतकी. आवाज वाटला तर पंखे बदला.” अशा अर्थाचा सल्ला बराच फिरतोय. त्यातली मशीन बहुधा डेलची पॉवरएज आर७३० नाहीतर एचपीची प्रोलायंट डीएल३८० जेन९ असते. दोन्ही पिढ्या २०१४ च्या. रॅमबद्दलचं विधान खरं आहे: इतकी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळणं अवघड. बाकीचं एकेक करून पाहू.

“अठ्ठावीस कोअर”

हा आकडा येतो झिऑन या इंटेलच्या सर्व्हर-मालिकेतल्या दोन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसरवरून. २०१६ चा प्रोसेसर, प्रत्येकी १४ कोअर, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बोत ३.३. दहा-पंधरा व्हर्च्युअल मशीन एकदम चालवायच्या असतील किंवा मोठं कंपायलेशन असेल तर सगळे कोअर कामी येतात. पण घरच्या सर्व्हरवर असतं काय? फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, फिल्मांसाठी जेलीफिन, घरातली उपकरणं चालवायला होम असिस्टंट, एखादा डेटाबेस. ही मंडळी दिवसाचे बावीस तास आळस देतात आणि उरलेल्या वेळात एक-दोन कोअर मागतात. एका कोअरच्या वेगात साधा आय५-१२४०० या झिऑनच्या दीडपटीहून पुढे आहे.

व्हिडिओचं तर विचारूच नका. ई५ झिऑनमध्ये क्विकसिंक, म्हणजे इंटेलच्या ग्राफिक्समधली व्हिडिओ रूपांतराची सोय, नाही. फोरके फिल्म मोबाइलसाठी रूपांतरित करायची वेळ आली की इंटेलच्या छोट्या एन१०० प्रोसेसरचा डबीएवढा पीसी ते काम ग्राफिक्सच्या भागावर ढकलून मोकळा होतो. इकडे कोअर घामाघूम आणि पंखे सुटलेले.

आणखी स्वस्त म्हणून आधीच्या पिढीचा आर७२० घेणाऱ्यांसाठी: ई५ च्या व्ही१ आणि व्ही२ पिढीत एव्हीएक्स२ हा प्रोसेसर-आज्ञांचा संच नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला ते लागतं, त्यामुळे ते लिनक्स आर७२० वर चालणार नाही. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) चालतं, पण रस्ता कुठे अरुंद होतोय ते कळावं.

“वीज फ्रिजइतकी”

फ्रिजच्या स्टार लेबलवरचा आकडा वर्षाचा असतो. साधारण अडीचशे लिटरच्या फ्रिजवर दोन-अडीचशे युनिट लिहिलेले दिसतील. दोन प्रोसेसर, मेमरी आणि चार-सहा डिस्क असलेला टू-यू (रॅकची दोन एककं उंच) सर्व्हर काहीही न करता सहसा १०० ते १५० वॅट खातो. १२० धरा: महिन्याला ८६ युनिट, वर्षाला १,०५०. म्हणजे चारेक फ्रिज.

याहून महत्त्वाचं म्हणजे हे युनिट बिलात कुठे बसतात. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे चढत्या दराचे आहेत. घर आधीच २५० युनिट वापरत असेल, तर सर्व्हरचे ५० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेले ३६ तिसऱ्यात जातात. स्वस्त पहिला टप्पा घराने केव्हाच संपवलेला असतो. म्हणून बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका. सर्व्हरचे युनिट ज्या टप्प्यात बसतात त्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा आणि वर १६ टक्के वीज शुल्क लावा. मग त्या टप्प्यातल्या युनिटांनी गुणा.

उलट टोकाची भीतीही चुकीची आहे. पीएसयूवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) ७५० वॅट लिहिलंय म्हणून तो ७५० ओढत नाही. ती त्याची कमाल क्षमता. खरा आकडा आयडीआरॅकच्या, म्हणजे डेल सर्व्हरवर दूरवरून देखरेख करणाऱ्या चिपच्या, पॉवरच्या पानावर दिसतो.

तो कमी करता येतो. दुसरा प्रोसेसर काढला की वीसेक वॅट वाचतात. बदल्यात आर७३० च्या २४ पैकी १२ मेमरी स्लॉट आणि काही पीसीआयई स्लॉट बंद पडतात. रिकाम्या जागी ब्लँक (जागा भरणारा डमी तुकडा) लावावाच लागतो, नाहीतर हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि उरलेला प्रोसेसर तापतो. ८ जीबीच्या सोळा पट्ट्यांऐवजी ३२ च्या चार घ्या. मात्र आरडीआयएमएम आणि एलआरडीआयएमएम या सर्व्हर-मेमरीच्या दोन जाती एकत्र चालत नाहीत, आणि नेहमीच्या डेस्कटॉप बोर्डावर यांतलं काहीच चालत नाही. दुसरा पीएसयू घरात शोभेचाच. काढून कपाटात ठेवा.

“पंखे बदला”

हा सल्ला देणाऱ्याने सर्व्हर उघडून पाहिलेला नसावा. आर७३० मध्ये प्रोसेसरच्या हीटसिंकवर पंखाच नसतो. पुढच्या डिस्कमागे सहा पंख्यांची भिंत असते आणि प्लास्टिकच्या आच्छादनातून ती हवा दाबाने हीटसिंकमधून ढकलते. डेस्कटॉपच्या शांत पंख्याकडे तो दाब नाही. शिवाय आयडीआरॅक प्रत्येक पंख्याचे फेरे मोजतो. शांत पंखा मुळात हळू फिरतो, आयडीआरॅकला तो मेलाय असं वाटतं, आणि बाकीचे पाच पूर्ण वेगाने सुटतात.

खरा उपाय सॉफ्टवेअरचा आहे. आयडीआरॅक ७ आणि ८ वर आयपीएमआय या सर्व्हर-नियंत्रणाच्या प्रमाणित पद्धतीच्या कच्च्या आज्ञा देऊन पंखे हाती घेता येतात आणि २० टक्क्यांवर आणता येतात. आयडीआरॅक ९ वर हे फर्मवेअर ३.३०.३०.३० पर्यंतच, नंतर कंपनीने दार लावलं. पण पंखे हाती घेतले की तापमानाकडे बघणंही तुमच्याकडे आलं. दर मिनिटाला तापमान तपासून ठरावीक आकड्याच्या वर नियंत्रण परत स्वयंचलित करणारी छोटी स्क्रिप्ट नसेल, तर हा उद्योग करू नका. डेलबाहेरचं कार्ड बसवल्यावर पंखे वाढले असतील तर त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. आयएलओ ४, म्हणजे एचपीचा आयडीआरॅक, यात असा अधिकृत मार्गच नाही. आणि वन-यू सर्व्हर, म्हणजे आर६३० वगैरे, झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडेही नको. ४० मिलिमीटरच्या पंख्यांची किंकाळी आज्ञेने फारशी कमी होत नाही.

“मरत नाही”

बोर्ड आणि प्रोसेसर खरंच टिकतात. मरतात ते रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डाची) बॅटरी, डिस्क आणि सीआर२०३२ सेल. पण मशीन जिवंत असूनही अडते ती वेगळ्याच ठिकाणी. एचपीने २०१४ पासून सर्व्हरची बरीच फर्मवेअर वॉरंटी किंवा सपोर्ट करारामागे ठेवली. दूरवरून स्क्रीन बघायला आयडीआरॅक एंटरप्राइझ किंवा आयएलओ अॅडव्हान्स्ड परवाना लागतो; तो मशीनवर आहे का, हे आधी विचारा. सोबत ‘मोफत’ आलेल्या सॅस (सर्व्हरसाठीच्या) डिस्क स्टोरेज अॅरेमधल्या असतील तर त्यांचे सेक्टर ५२० बाइटचे असू शकतात. लिनक्सला अशी डिस्क दिसते, वापरता येत नाही. एसजी-फॉरमॅट या साधनाने ५१२ करावी लागते आणि एकेका डिस्कला तासन् तास जातात. झेडएफएस (डिस्क स्वतः सांभाळणारी फाइलप्रणाली) वापरायचं असेल तर डेलचं रेड कार्ड पर्क एच७३० एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्क थेट दाखवणाऱ्या मोडमध्ये, टाकता येतं. जुन्या एच७१० ला ती सोय नाही, त्याचं फर्मवेअर बदलावं लागतं.

“घरी लावा”

लावायचं कुठे? पुढून मागे लांबी ७० सेंटिमीटरच्या पुढे, वजन भरल्यावर पंचवीस-तीस किलो. भिंतीवरच्या नेटवर्क रॅकमध्ये ते मावत नाही. सोबतची वायर बहुधा पीडीयूची (रॅकमधल्या वीज-पट्टीची), तिला थ्री-पिन प्लगच नसतो. जुन्या इमारतीत अर्थिंग नुसतं दाखवायला असेल तर केसला उघडा हात लागताच झिणझिण्या येतात. पीएसयूच्या फिल्टरमधले कपॅसिटर केसला तरंगत्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात, त्याचा हा परिणाम. आधी अर्थिंग, मग सर्व्हर. घरचा इन्व्हर्टर १२० वॅट आरामात ओढेल, पण बॅटरी संपत आल्याचं तो सर्व्हरला कळवत नाही. त्यासाठी यूएसबी असलेला यूपीएस आणि नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर हवं.

“क्लाउडचं बिल बंद”

घरच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता नाही. बाहेरून पोहोचायला टेलस्केल (खासगी नेटवर्क जोडणारी सेवा) किंवा एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर लागतो. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, त्यामुळे घराबाहेरच्या प्रतीचे पैसे चालूच.

शिकण्यासाठी, आठवड्यातून काही तास चालू करायला, भरपूर मेमरीसाठी आर७३० उत्तम आहे. चोवीस तास चालवायचं असेल तर एचपी झेड४४० किंवा डेल प्रिसिजन टी५८१० बघा. तेच ई५ व्ही४, तीच आरडीआयएमएम मेमरी, आठ स्लॉट, आणि टेबलाखाली मावणारा शांत डबा.

तरीही रॅकचाच हवा असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा कुठेही जा, दुकानात तो थंड अवस्थेतून सुरू करायला लावा. मेमरीची तपासणी होईपर्यंत काही मिनिटं काळी स्क्रीन दिसते, घाबरू नका. मग आयडीआरॅकचा सिस्टीम इव्हेंट लॉग उघडून मेमरीच्या चुका शोधा. लॉग त्याच दिवशी पुसलेला दिसला तर दुसरी मशीन मागा.