रानफुलांचा मांडव घालताना घ्यावयाची काळजी

आपल्या घरी लग्न ठरले असेल, आणि झेंडू-शेवंतीच्या माळांचे नुसते नाव काढताच आपली कन्या नाक मुरडू लागली असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. आपण रानफुलांच्या लग्नाच्या उंबरठ्यावर उभे आहात. या विषयातील थोडाफार अनुभव मला गेल्या आश्विनात, थोरल्या भाचीच्या लग्नात, मुलीचा मामा या नात्याने मिळाला असून, तो आपल्या उपयोगी पडावा एवढ्याच निर्मळ हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

सर्वांत आधी मुहूर्त. सह्याद्रीच्या पठारांवरचा बहर साधारणतः ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, आणि नेमक्या याच काळात, म्हणजे आषाढी एकादशीला निजलेले देव कार्तिकीला जागे होईपर्यंत, आपल्या पंचांगात लग्नाचे मुहूर्त नसतात. त्यातही बहराचा ऐन पंधरवडा बहुधा पितृपक्षात सापडतो. सजावटीच्या बाबतीत आपल्या पूर्वजांना दूरदृष्टी नव्हती, एवढेच यावरून सिद्ध होते. यावर उपाय दोन आहेत. पहिला असा की, तुळशीचे लग्न उरकल्यावर डिसेंबरात शांतपणे कार्य करावे, आणि ‘रानफुले’ या नावाखाली गुलटेकडीच्या बाजारातून हरितगृहात वाढलेले जिप्सो, डेझी आणि रंगात बुडवलेले पंपास गवत मागवावे. त्यातले काहीही आपल्या रानातले नसते, पण ते ओळखणारा पाहुणा विरळा, आणि ओळखलेच तरी तोवर तो जेवणाच्या रांगेत उभा असतो. दुसरा उपाय काढीव मुहूर्ताचा. आमचे जावई न्यू जर्सीला असतात आणि त्यांची रजा देवांच्या झोपेवर अवलंबून नसते, म्हणून आम्ही दुसरा उपाय केला.

फुलांची नावे शिकण्याच्या भानगडीत पडू नये. डेकोरेटर पहिला नमुना घेऊन आला तो पितृपक्षात, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. त्यात पिवळीधमक, गोजिरवाणी फुले पाहून विहीणबाईंनी कौतुकाने नाव विचारले, आणि मी खरे ते सांगून टाकले, की या फुलाला कावळा म्हणतात. पुढचा अर्धा तास चहाला कोणी हात लावला नाही. त्याच्याच एका भावंडाला ‘मिकी माऊस’ म्हणतात. ते नाव मला वेळेवर सुचले असते तर बैठक सुरळीत पार पडली असती.

तेरडा लावणार असाल, तर त्याचा रंग किती दिवस टिकतो हे ज्या आजींना पाठ आहे, त्यांना आधीच जेवायला बसवावे.

मुंडावळ्याही रानफुलांच्याच कराव्यात. मुंग्या त्यांच्याबरोबर विनामूल्य मिळतात.

कळलावीचा विचार अवश्य करावा. ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांचे हे फूल इतके देखणे आहे की तमिळनाडूने त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आपल्याकडे मात्र ते घरात आणले की भांडणे लागतात अशी जुनी समजूत असल्यामुळे, आणि त्याच्या कंदापासून सर्वांगात विष असल्यामुळे, उगीच दूर ठेवले जाते. दोन्ही विहिणींच्या खुर्च्यांच्या मधोमध त्याचा गुच्छ ठेवावा, म्हणजे पुढे जे व्हायचे आहे त्याचा ठपका कोणा माणसावर येणार नाही.

जिप्सो परवडत नसेल तर गाजरगवत आहे. तीच बारीक, पांढरी, ढगासारखी फुले, शिवाय कोणत्याही मोकळ्या प्लॉटवर फुकट. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेले हे गवत अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आले असे सांगतात, तेव्हा परदेशी पाहुण्यांनाही घरच्यासारखे वाटेल. त्याने अंगाला खाज सुटते आणि दमेकऱ्यांना धाप लागते, त्यामुळे लोक आहेर देऊन वेळेत घरी जातात आणि हॉलचे जादा तास लागत नाहीत.

नात्यात कोणी डोंगर हिंडणारा असेल, तर फुलांची जबाबदारी त्याच्यावर टाकावी. आमच्याकडे तो मी. “अरे, शनिवार-रविवार तू डोंगरातच असतोस, येताना चार टोपल्या घेऊन ये की,” असे ताईने सांगितले, जणू मी वाटेवरच्या दुकानातून दही आणायचे विसरत होतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ यात वनउपजाच्या व्याख्येत फुलेही येतात आणि राखीव जंगलातून ती आणणे हा गुन्हा आहे, असे मी म्हटल्यावर, “तुला मेलं सगळ्यात कायदाच दिसतो,” एवढे बोलून तिने डेकोरेटरला फोन लावला. भाची मात्र समजुतीने म्हणाली, “मामा, फुलं पुन्हा येतातच ना?”

तेव्हा डेकोरेटर निवडताना तो निसर्गप्रेमी आहे, याची खात्री करून घ्यावी. आमचा होता. त्याच्या कोटेशनवर हिरवे पान छापलेले होते, प्लॅस्टिक वापरणार नाही, फोम वापरणार नाही, असे त्याने लिहून दिले होते, आणि पावणेदोन लाखांच्या आकड्याखाली ‘मातीशी नाते’ ही दोन पदे वळणदार अक्षरात होती. लग्नाच्या दिवशी पहाटे साडेपाचला चहाच्या शोधात मी रिसॉर्टच्या मागच्या बाजूला गेलो, तेव्हा ते नाते मला प्रत्यक्ष दिसले. भटारखान्याच्या भिंतीला लागून भाजीचे क्रेट रचलेले होते. मी मोजले, चौदा होते. त्यांत गेंद होते, सीतेची आसवे होती, तेरडा होता, आणि सगळे मुळांसकट, मातीसकट, ताटातल्या वड्या पाडाव्यात तसे चौकोनी कापून आणलेले. मी विचारल्यावर तिथला मुलगा अभिमानाने म्हणाला, “काका, नुसती फुलं तोडली की लगेच मान टाकतात. मातीसकट आणली की टिकतात. वरच्या सड्यावरनं आणली, तिथं कोण विचारत नाय.”

बरोबर आहे, तिथे कोणी विचारत नाही. कासला निदान पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे, शुल्क आहे, पहारा आहे, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलेले नाव आहे. या सड्याचे नाव चार गुराख्यांपलीकडे कोणाला ठाऊक नाही. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे चार बोटे, आणि तिच्यात सत्त्व इतके कमी की सीतेची आसवे आणि दवबिंदू बिचारी किडे खाऊन गुजराण करतात. चार महिने पाऊस झोडपतो, आठ महिने खडक तापतो, आणि तेवढ्याशा मातीत पडलेले बी पुढच्या मृगाची वाट पाहत राहते. फुले पुन्हा येतात ती त्या मातीतून येतात, बाई! ती माती तुझ्या लग्नाच्या क्रेटमध्ये होती. मांडवात फुलांचा सडा घालायचा म्हणून ज्या सड्यावर ती उगवतात तो खरवडून आणला होता.

आणि टिकली का? ड्रोनवाल्याच्या आग्रहाखातर अंतरपाट दोनदा धरला गेला, ताईच्या नणंदेने स्वतः रचलेली दोन मंगलाष्टके झाली, आणि तेवढ्या वेळात सगळी आसवे आडवी झाली. मग टेम्पोतून प्लॅस्टिकच्या जांभळ्या वेली निघाल्या. त्या निसर्गप्रेमी माणसाने जपून आणलेल्या होत्या. फोटोत फरक कळत नाही. दुपारी क्रेट रिसॉर्टमागच्या गटारात, पत्रावळी आणि उरलेल्या श्रीखंडाच्या शेजारी रिकामे करण्यात आले. गुरुजींनी “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे” असे पुकारले होते तेव्हा मी गेलो होतो, हसतही होतो. मंगलकार्यात कटकट नको म्हणून मी तोंड बंद ठेवले, याची मला आजही लाज वाटते.

तुम्हाला रानफुले आवडत नाहीत. आवडत असती, तर एखाद्या पावसाळ्यात तुम्ही चिखल तुडवत वर गेला असता आणि गुडघे टेकून बसला असता, कारण त्यांतली कितीतरी फुले उभ्या माणसाला नीट दिसतच नाहीत. तुम्ही जाता ते भाड्याचा लांब झगा घेऊन, गेंदांच्या मधोमध आडवे पडून प्री-वेडिंग करायला, आणि उठल्यावर खाली काय चिरडले ते पाहतही नाही. सात वर्षांतून एकदा फुलून मरून जाणारी कारवी तुम्हाला पाठीमागचा पडदा म्हणून हवी असते. पैसे आहेत म्हणून डोंगर घरपोच मागवता, आणि वर त्याला साधेपणा म्हणता. हा साधेपणा नाही, ही चोरी आहे, आणि ती करणाऱ्या मुलाला दिवसाची मजुरी मिळते, तुम्हाला कौतुक मिळते.

लग्नानंतर आठवड्याने मी त्या सड्यावर जाऊन आलो. सोनकी अजून फुललेली होती. तिच्यामध्ये क्रेटच्या मापाचे चौकोन होते, आणि त्यांत खालचा जांभा पुसून घेतल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

धाकट्या भाचीचे येत्या वर्षात ठरेल असे दिसते. झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच, पण तो शेतकरी लावतो, तोडतो आणि त्याचे पैसे घेतो. ताईला मी आताच सांगून ठेवले आहे, की मांडवाला झेंडू लाव, नाहीतर मुलीला बोहल्यावर न्यायला दुसरा मामा शोध.