राक्षस मेला, पण शस्त्रानं काय घेतलं?

माणसाच्या हातून सहजासहजी न मरणारं काहीतरी गोष्टीत आलं आणि पाठोपाठ त्याला मारणारी खास वस्तू आली, की मी सगळ्यात आधी एकच बघते. ही वस्तू वापरणाऱ्याकडून काय घेते? तिची धार, तिचा इतिहास, तिच्यावरचे मंत्र हे सगळं नंतर. काहीच घेत नसेल, तर पुढे कितीही रक्त सांडू दे, माझ्या लेखी त्या गोष्टीतली भीती तिथेच संपली.

आज हे लिहायला बसले, कारण हल्लीच्या फँटसीत, वेबसिरीजमध्ये आणि विशेषतः गेममध्ये या वस्तूंचं अगदी कोष्टक होऊन बसलंय. वेअरवुल्फला चांदी, व्हॅम्पायरला खुंटा आणि ऊन, परीलोकातल्यांना लोखंड, पिशाच्चाला मीठ. नायक पेटी उघडतो, आत सगळं कप्प्याकप्प्यांत लावलेलं असतं. समोर कोण आहे ते ओळखायचं आणि बरोबर कप्प्यात हात घालायचा. ओळख पटली की काम फत्ते. हे मला मनापासून खटकतं, कारण या वस्तूंच्या मूळ गोष्टी फार भरलेल्या आहेत आणि आपण त्यातली नुसती सालं उचलतोय.

महाभारतातली वासवी शक्ती घ्या. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात आला, कर्णाची कवचकुंडलं मागून घेऊन गेला आणि बदल्यात ही शक्ती देऊन गेला. म्हणजे जन्मापासून अंगाला चिकटलेलं संरक्षण स्वतःच्या हातानं कापून काढायचं, तेव्हा कुठे हे अस्त्र मिळणार. वर त्याच्या अटी. एकदाच चालेल, एकालाच मारेल, मग इंद्राकडे परत जाईल. आणि दुसरी अस्त्रं हाताशी असताना, जिवावर बेतलेलं नसताना सोडलं, तर सोडणाऱ्यावरच उलटेल. कर्णानं ते अर्जुनासाठी राखून ठेवलं, वर्षानुवर्षं पूजा करत जपलं.

मग चौदाव्या दिवसाची लढाई रात्र पडली तरी थांबली नाही, आणि घटोत्कच सुटला. राक्षसाची माया रात्री वाढते. आकाशातून दगड, शस्त्रं, आग असं काय काय कोसळायला लागलं. कौरवांचे योद्धे कर्णाला ओरडून सांगू लागले, शक्ती सोड, नाहीतर आज आपल्यातलं कोणी वाचत नाही. कर्णानं सोडली. घटोत्कच पडला, पण पडता पडता त्यानं देह प्रचंड वाढवला आणि कौरवांची एक अक्षौहिणी सेना अंगाखाली चिरडली. पांडव शोक करत होते आणि कृष्ण आनंदानं नाचत होता. त्याचं कारण त्याला एकट्यालाच कळलं होतं. अर्जुन वाचला होता.

ती शक्ती चुकली नाही, कमीही पडली नाही. जे करायचं ते तिनं चोख केलं, आणि तरीही ती हातातून सुटली त्या क्षणी कर्णाचा शेवट ठरला. राक्षसाला मारणाऱ्या शस्त्राची याहून पक्की बांधणी मला दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही. समोरचा राक्षस खरंच भयंकर आहे, शस्त्र खरंच अमोघ आहे आणि तरी ते वापरणं म्हणजे हरणं आहे. मुख्य म्हणजे हे सगळं आपल्याला आधीपासून माहीत असतं. लेखकानं काहीही लपवून ठेवलेलं नाही. नियम जितके स्पष्ट, तितकी ती रात्र जास्त छळते.

आपल्याकडे वरदानाच्या फटीतून मारण्याच्या गोष्टीही पुष्कळ. हिरण्यकशिपूचा उंबरठा, संध्याकाळ, मांडी आणि नखं सगळ्यांना पाठ असतात. अशा गोष्टीत कोडं सुटल्याचा आनंद मोठा असतो, पण बऱ्याचदा कोडं सुटलं की गोष्टही सुटते. मला त्यापेक्षा नमुची या असुराची गोष्ट जास्त धरून ठेवते. ओल्या वस्तूनं मारणार नाही, कोरड्या वस्तूनं मारणार नाही, दिवसा मारणार नाही, रात्रीही मारणार नाही, असा शब्द इंद्रानं त्याला मित्र म्हणून दिला होता. पाण्याच्या फेसानं त्याचं डोकं उडवलं, हा उल्लेख थेट ऋग्वेदात आहे. फेस धड ओला नाही, धड कोरडाही नाही. पण महाभारताच्या शल्यपर्वात ही गोष्ट पुढे जाते, आणि ते पुढचंच महत्त्वाचं. धुकं पसरलेलं बघून इंद्र वार करतो, डोकं उडतं आणि ते तुटलेलं डोकं इंद्राच्या मागे लागतं. मित्रद्रोही, पापी असं ओरडत पाठलाग करतं. शेवटी इंद्राला ब्रह्मदेवाकडे जाऊन उपाय विचारावा लागतो, अरुणा नदीच्या पाण्यात उतरून शुद्ध व्हावं लागतं, तेव्हा सुटका होते. शब्दातली फट शोधून मारलं, तर त्या फटीचा हिशोब कोणीतरी मागायला येणार. हा भाग कापून नुसता फेस ठेवला असता, तर एक हुशार युक्ती उरली असती.

आता चांदी. वेअरवुल्फ आणि चांदी ही जोडी अनादी काळापासून आहे असं बहुतेकांना वाटतं. पण १९३५ च्या 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' या हॉलिवूडपटात तो साध्या गोळीनं मरतो. फ्रान्समधल्या जेव्होदानचा तो प्रसिद्ध नरभक्षक पशू १७६७ मध्ये जाँ शास्तेलनं मारला, त्यातली चांदीची गोळीसुद्धा नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातलेली. जोडी पक्की झाली ती १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मुळे. आणि त्या चित्रपटात शेवटी मारते ती चांदीची गोळी नव्हेच. चांदीची मूठ असलेली काठी आहे. नायक लॅरी टॅल्बटनं ती स्वतः दुकानातून विकत घेतलेली, एका मुलीशी बोलायचं निमित्त म्हणून. त्याच काठीनं तो पहिल्या लांडग्याला मारतो आणि त्या झटापटीत चावा बसून शाप अंगावर घेतो. शेवटी तीच काठी त्याच्या वडिलांच्या हातात असते, आणि समोरचा लांडगा आपला मुलगा आहे हे तो मेल्यावरच त्यांना कळतं. चित्रपट सव्वा तासाचासुद्धा नाही, पण ती काठी त्यात जो प्रवास करते तो बघा. पुढच्या शेकडो गोष्टींनी त्यातून फक्त 'चांदी चालते' एवढंच उचललं.

आणि चांदीची गोळीच हवी असेल, तरी ती बनवणं सोपं आहे का? शिसं ३२७ अंशांना वितळतं. चुलीच्या आगीवर पळीत वितळवून साच्यात ओतता येतं. चांदीला साधारण ९६२ अंश लागतात, म्हणजे भट्टी, मूस आणि ते काम येणारा माणूस हवा. थंड होताना ती आकसते, त्यामुळे शिशाच्या साच्यातली गोळी मापाला छोटी पडते. शिशापेक्षा कडक असल्यामुळे बंदुकीच्या नळीतल्या आट्यांची पकड तिच्यावर नीट बसत नाही आणि नेम बिघडतो. वजनालाही शिशापेक्षा हलकी. या अडचणी लेखकाला फुकट मिळालेल्या आहेत. चांदी कोणाच्या घरातली? कोणी वितळवून दिली? त्यानं विचारलं नाही का, कशासाठी हवीये? किती गोळ्या झाल्या, त्यातल्या नेम धरून बघण्यात किती गेल्या? ग्रिम बंधूंच्या 'दोन भाऊ' या कथेत चेटकिणीला शिशाच्या गोळ्या लागत नाहीत, तेव्हा शिकारी स्वतःच्या कोटाची तीन चांदीची बटणं तोडतो आणि बंदुकीत भरतो. तीनच आहेत, हे तो शब्द वाचतानाच आपल्याला कळतं. खोकंभर चांदीच्या गोळ्यांत हा ताण कुठून येणार?

खुंट्याचंही तेच. 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ ची. मूळ पुस्तकात काउंट ड्रॅक्युला उन्हात फिरू शकतो, दिवसा फक्त त्याची शक्ती कमी असते. सूर्यप्रकाशानं विरघळणारा व्हॅम्पायर १९२२ च्या 'नोस्फेराटू'पासून रुळला. आणि खुद्द काउंटच्या छातीत खुंटा जातच नाही. जोनाथनची कुकरी त्याचा गळा चिरते, क्विन्सी मॉरिसचा शिकारी चाकू काळजात जातो, देहाची धूळ होते, सगळं दोनचार ओळींत. खुंटा येतो तो आधी, व्हॅम्पायर झालेल्या ल्यूसीच्या वेळी. तीन फूट लांब, अडीच-तीन इंच जाड, टोक आगीत भाजून कडक केलेलं. आणि तो ठोकायचा कोणी? आर्थरनं, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं. या शिकारीचा म्होरक्या व्हॅन हेल्सिंग स्वतः ते करू शकला असता. तो मुद्दाम आर्थरला विचारतो, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त प्रेम असलेल्याच्या हातून ते व्हावं असं त्याला वाटतं. लाकडाचा तो तुकडा भयंकर होतो तो इथे. म्हणून काउंटचा शेवट घाईत उरकला असं अनेकजण म्हणतात तेव्हा मला पटत नाही. त्या पुस्तकातली किंमत आधीच मोजून झालेली आहे.

(खुंट्याचा प्रत्यक्षातला उपयोगही सांगण्यासारखा आहे. १७२५ मध्ये सर्बियातल्या एका गावात पेटर ब्लागोयेविच नावाच्या मृताला उकरून छातीत खुंटा ठोकला आणि मग जाळलं, याची नोंद ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानं करून ठेवली आहे. तिथे लोकांच्या हातात जे होतं तेच शस्त्र झालं. पोलंडमध्ये सतराव्या शतकातल्या थडग्यांत गळ्यावर विळा आडवा ठेवलेले सांगाडे सापडलेत. उठायला गेला तर स्वतःच स्वतःचा गळा कापेल, अशी ती योजना असावी असं मानतात. जादूई धातू वगैरे काही नाही, शेतातला विळा. शेजारच्या माणसाची किती भीती वाटत असेल!)

सोयीच्या वस्तूनं गोष्ट कशी मरते, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण क्रिप्टोनाइट. सुपरमॅन भूतपिशाच्च नाही हे मान्य, पण त्याच्या जगातलं ते शस्त्र याच जातीचं. १९४३ मध्ये ते रेडिओ मालिकेत आलं, १९४९ मध्ये कॉमिकमध्ये. मग हिरव्याच्या जोडीला लाल आलं, सोनेरी आलं, आणखी रंग आले. ऐऱ्यागैऱ्या गुंडाच्या खिशातसुद्धा त्याचा तुकडा निघायला लागला. शेवटी १९७१ मध्ये प्रकाशकांनीच एका कथेत पृथ्वीवरचं सगळं क्रिप्टोनाइट निकामी करून लोखंड करून टाकलं. तुटून पडलेल्या ग्रहाचा अवशेष, हरवलेल्या घराचा तुकडाच त्याला मारतो, ही मुळात केवढी दुःखी कल्पना. पण स्वस्त केल्यावर तिच्यात काही उरलं नाही.

मला ती शस्त्रं जास्त आवडतात जी घावानंतर टिकत नाहीत. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात ग्रेंडेल या राक्षसाला कुठलंच लोखंड लागत नाही. बेओवुल्फला हे माहीत नसतं, त्यानं बरोबरीची लढाई म्हणून आपण होऊन तलवार बाजूला ठेवलेली असते. पुढे ग्रेंडेलच्या आईशी लढताना उसनी आणलेली नावाजलेली तलवार कुचकामी ठरते, तिच्याच गुहेतली राक्षसी तलवार हाती लागते, आणि काम झाल्यावर त्या विषारी रक्तानं पातं बर्फासारखं वितळून जातं. मूठ तेवढी उरते. टॉल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये मेरी हा बुटका हॉबिट विच-किंग या दुष्ट राजाच्या गुडघ्यामागे वार करतो तो खंजीरही तसाच. त्याच शत्रूशी लढणाऱ्यांनी शतकांपूर्वी घडवलेला, एका घावात जळून गेलेला. आणि मेरीचा हात गारठून लुळा पडतो. ज्यांनी तो खंजीर घडवला ते कधीच मेलेले, त्यांना हा घाव कळणारही नाही. हे वाचताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी एवढं रडगाणं कशाला, काही गोष्टी नुसत्या थराराच्या असू देत. असू देत की. पण थरारालासुद्धा ताण लागतो. मलेशियातल्या लोककथांमधली पेनांगलान घ्या. बाईचं डोकं धडापासून सुटतं आणि खाली आतडी लोंबत रात्री उडत येतं. तिच्यावर उपाय काय, तर घराभोवती काटेरी फांद्या लावायच्या, म्हणजे आतडी त्यात अडकतील. यात कसलाही त्याग नाही, रडगाणं नाही. पण तो उपाय त्या देहातूनच आलेला आहे. ती जशी आहे तशीच ती अडकते, आणि काटे लावणाऱ्याला रात्रभर आत बसून बाहेरचा आवाज ऐकावा लागणारच. 'हिला काटे चालतात' असं कोष्टकात लिहिलं, तर यातलं काहीही हाती लागत नाही.

नियम असू नयेत असं माझं म्हणणं मुळीच नाही. वासवी शक्तीइतके कडक नियम आजच्या कुठल्या गेममध्येही नसतील. पण ते नियम राक्षसाला बांधतात तसे धनुर्धराला, शिकाऱ्यालाही बांधायला हवेत. फक्त समोरच्यालाच बांधणारा नियम म्हणजे लेखकानं नायकाच्या खिशात घातलेली लाच आहे. जे मित्रमैत्रिणी सध्या भयकथा किंवा फँटसी लिहितायत, त्यांनी आपल्या हस्तलिखितातलं ते शस्त्र काढून एवढंच तपासावं: नायकाला ते दुसऱ्यांदा वापरायची इच्छा होईल का? हसत हसत होणार असेल, तर तो प्रसंग पुन्हा लिहा.

तुमच्या वाचनातली अशी शस्त्रं खाली नक्की सांगा. आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या गोष्टी मी फारच कमी वाचल्यात, तिकडच्या विशेष हव्यात. नुसतं कशानं कोण मरतं ते नको, मारणाऱ्याचं पुढे काय झालं तेही लिहा.