घड्याळातली वेळ की खरी?

आज पुन्हा एक प्रेमकथा निम्म्यात मिटली. संताप आलाय, म्हणून लिहितेय. अमेरिकेत वाढलेली मराठी मुलगी आणि तिच्या लग्नासाठी हातघाईवर आलेली आई. आई दर तीन पानांनी वय काढते, मुलगी दार आपटते. यात हसायचं कुठे?

पुस्तक बाजूला ठेवलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. शेजारच्या काकू गॅलरीत बसून न्यू जर्सीच्या बहिणीशी स्पीकरवर बोलत होत्या. तिकडे रात्रीचे साडेदहा. भाचीचा बायोडेटा तयार होत होता. काकूंनी विचारलं, "अगं, जन्मवेळ घड्याळातली लिहिलीस की खरी?"

लेखकांनो, हे लिहा ना! उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात. जुलैत जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यावर तीच पुढची वेळ येते. पत्रिका मांडताना तो तास वजा केला नाही, तर लग्नरास, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, सरासरी पंधरा अंश पुढे सरकते. रास असते तीस अंशांची, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा रासच बदलणार. पत्रिकेतली घरं लग्नराशीपासूनच मोजतात; मग नवव्या घरातला मंगळ आठव्यात येऊन बसतो आणि चांगली मुलगी कागदावर मंगळाची होते. गुणांना सहसा धक्का लागत नाही. ते चंद्रावरून काढतात, आणि चंद्र तासाभरात जेमतेम अर्धा अंश चालतो. म्हणजे गुण २८ जुळलेत, दोघं चोरून भेटायलाही लागलीत, आणि आडवा आलाय तो एक तास. हे सोडून तुम्ही आईला ओरडायला लावता?

नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मुलांचंही तेच. रजा तीन आठवड्यांची. त्यातच बोटांचे ठसे, मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत परतीच्या व्हिसाची मुलाखत, मग पासपोर्ट तिकडेच. तो परत येईपर्यंत आई चार घरचे कांदेपोहे ठरवून टाकते. पासपोर्ट हातात पडला की मुलगा विमानात. कथेला लागणारी मुदत आयती मिळते! आणि मुलीने विचारायला हवं ते एकच: "तुझं आय-१४० मंजूर झालंय का?" म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, गेलेल्या बायकोला कामाचा परवाना २०१५ पासून मिळतो, पण नवऱ्याचं घोडं तिथवर पोचलेलं नसेल तर सहसा नाही. पोह्यांची बशी पुढे करत हे विचारणारी नायिका मला अजून एकाही पुस्तकात भेटलेली नाही.

छळणाऱ्या आया असतात, मान्य. रडून, दुखणी काढून होकार घेणाऱ्याही असतात. त्यांच्यावर जरूर लिहा.

पण सकाळची ती आई डोक्यातून जात नाहीये. काकूंचा प्रश्न ऐकून ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "थांब, तिच्या मनगटाची पट्टी आहे, हॉस्पिटलातली. त्यावर बघते." अठ्ठावीस वर्षांपूर्वीची प्लॅस्टिकची पट्टी! कपाट उघडल्याचा आवाज आला, मग डबे सरकवल्याचा. काकू काही न बोलता थांबून राहिल्या.

"सात बावीस," पलीकडून आलं.

काकूंनी पेन्सिलीने लिहून घेतलं: सहा बावीस.